चाकांना नाव देऊन गेलेला प्रकाशक

मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइलला असाल, तर ॲकरमन हे नाव तुमच्या वहीत असणारच. 'थिअरी ऑफ मशिन्स'मधला तो ठरलेला प्रश्न आठवा. डेव्हिस आणि ॲकरमन स्टिअरिंग गिअरमधला फरक सांगा. डेव्हिसमध्ये सरकणारे जोड, ॲकरमनमध्ये नुसते फिरणारे जोड, म्हणून ॲकरमनची झीज कमी. खाली कोनांचं समीकरण, शेजारी आकृती, मार्क पदरात. हा ॲकरमन कोण, कुठला, हे विचारायला परीक्षेच्या आदल्या रात्री वेळ कुणाला असतो?

आर्ट्स किंवा कॉमर्सला असाल, तर हे नाव तुम्ही कदाचित ऐकलंही नसेल. पण आज ज्या एसटीने किंवा कारने कॉलेजला आलात, तिची पुढची चाकं प्रत्येक वळणावर याच नावाचा हिशोब मांडत होती.

आता गंमत ऐका. रुडॉल्फ ॲकरमन इंजिनीअर नव्हता. तो लंडनमधला प्रकाशक होता. मासिक काढायचा, फॅशनची रंगीत चित्रं छापायचा, चित्रकारांना रंग आणि कागद विकायचा. आणि ज्या शोधाला त्याचं नाव चिकटलं, तो शोध त्याने लावलेलाच नाही. मग नाव त्याचं कसं? आणि तुमच्या ग्रुपमधल्या कुणी पिकअपला लिफ्ट किट लावलं, मोठे टायर चढवले, की ती हायवेवर सरळ जायचं नाव का घेत नाही? हे दोन प्रश्न वरवर लांबचे वाटतात. पण दोन्हींचा रस्ता एकाच माणसाच्या दारावरून जातो.

खोगीरवाल्याचा मुलगा

ॲकरमनचा जन्म २० एप्रिल १७६४ चा. गाव श्टोलबर्ग, तेव्हाच्या सॅक्सनीमधलं, म्हणजे आजच्या जर्मनीतलं. वडील खोगीर आणि घोड्याचं चामडी सामान बनवायचे. मुलगा गावातल्या लॅटिन शाळेत शिकला. पुढे विद्यापीठात जायची इच्छा होती, पण घरात तेवढे पैसे नव्हते. मग काय, वडिलांचाच धंदा हातात घेतला. तुमच्यापैकी काहींना हे वाचताना आपल्याच घरातल्या कुणाची तरी आठवण येईल.

शिक्षण थांबलं, पण पोरगा थांबला नाही. खोगीर बनवता बनवता तो घोडागाड्या बनवायला शिकला. ड्रेस्डेन, बाझल, पॅरिस असं गावोगाव काम करत फिरला आणि गाड्यांची डिझाइन काढण्यात त्याचा हात बसला. वयाच्या २३ व्या वर्षी तो लंडनला पोहोचला. तुमच्यापेक्षा फार तर दोन-चार वर्षांनी मोठा.

लंडनमध्ये लाँग एकर नावाचा रस्ता होता, बग्गी बनवणाऱ्यांचा. आपल्याकडे स्पेअर पार्टची, भांड्यांची, कापडाची अख्खी गल्ली असते ना, तसा. ॲकरमनने तिथेच बस्तान बसवलं. त्या काळात बग्गी म्हणजे नुसतं वाहन नव्हे. कोणाची बग्गी कशी आहे, तिच्यावर नक्षी कसली, रंग कोणता, यावरून माणसाची पत ठरायची. आज गाडीच्या काचा काळ्या करणारे, अलॉय व्हील लावणारे, नंबरप्लेटवर खेळ करणारे आपण पाहतोच. हौस तीच, फक्त घोड्यांच्या जागी इंजिन आलं.

ॲकरमनला ही हौस बरोबर कळली. तो बग्ग्यांची देखणी डिझाइन काढायचा. १७९१ मध्ये त्याने फॅशनेबल बग्ग्यांच्या चित्रांचं पुस्तकच काढलं. आयर्लंडमधल्या बड्या पदाधिकाऱ्यांच्या थाटाच्या गाड्यांचं कामही त्याच्याकडे आलं. आणि इथेच त्याच्या लक्षात आलं असावं, की गाडीपेक्षा गाडीच्या चित्राला जास्त गिऱ्हाईक आहे.

स्ट्रँडवरचं दुकान

१७९५ मध्ये त्याने लंडनच्या स्ट्रँड या गजबजलेल्या रस्त्यावर छापील चित्रांचं दुकान आणि चित्रकलेची शाळा सुरू केली. तीनच वर्षांत जागा अपुरी पडली. मग त्याच रस्त्यावर १०१ क्रमांकाच्या मोठ्या जागेत तो गेला. या दुकानाला त्याने नाव दिलं, 'रिपॉझिटरी ऑफ आर्ट्स'. तिथे चित्रं मिळायची, पुस्तकं मिळायची, चित्रकारांसाठी रंग आणि जाड कागद मिळायचा. फ्रेंच राज्यक्रांतीमुळे देश सोडून लंडनला आलेल्या कितीतरी फ्रेंच लोकांना त्याने तिथे काम दिलं. पडदे, फुलदाण्यांच्या बैठका, शोभेच्या वस्तू असं काहीबाही ते बनवायचे. स्वतः परका असलेल्या माणसाने परक्यांना उभं केलं.

१८०५ च्या ऑक्टोबरमध्ये ट्रफाल्गरच्या लढाईत ॲडमिरल नेल्सन मारला गेला. पुढच्या जानेवारीत लंडनमध्ये त्याची अंत्ययात्रा निघाली. ज्या रथावरून शवपेटी नेली, त्याला नेल्सनच्या जहाजासारखा आकार दिलेला होता. त्या रथाचं कामही ॲकरमनकडेच आलं होतं.

१८०८ ते १८१० या काळात त्याने 'मायक्रोकॉझम ऑफ लंडन' हे पुस्तक काढलं. त्यात १०४ रंगीत चित्रं आहेत. लंडनच्या इमारती ऑगस्टस प्युगिनने काढायच्या आणि त्यातली माणसं थॉमस रोलँडसनने, अशी वाटणी. एकाला वास्तू नेमकी जमायची, दुसऱ्याला माणसांचा गोंधळ. ॲकरमनने दोघांना एकाच पानावर बसवलं. संपादक म्हणतात तो हाच.

१८०९ मध्ये त्याने दुकानाच्याच नावाने मासिक सुरू केलं. ते जवळपास २० वर्षं चाललं. फॅशन, फर्निचर, साहित्य, कला, व्यापार, सगळं त्यात असायचं. फॅशनची चित्रं हाताने रंगवलेली असत. काही अंकांत तर कापडाचे खरेखुरे छोटे तुकडे चिकटवलेले असत. वाचकाने बोटाने पोत चाचपून बघावा म्हणून! मास कॉमच्या वर्गात वाचकाला धरून ठेवण्याबद्दल आम्ही बरंच ऐकतो, पण छापील मासिकात कापड चिकटवण्याची आयडिया २०० वर्षांपूर्वीच झालेली आहे, हे कळल्यावर जरा गप्प व्हायला होतं.

नव्याची त्याला भीतीच नव्हती. कागद आणि कापड पाण्यात भिजू नये यासाठी त्याने १८०१ मध्ये पेटंट घेतलं होतं. दुकानात गॅसचे दिवे लावणाऱ्या लंडनमधल्या पहिल्या काही लोकांत तो होता. दगडावरून छपाई करण्याचं तंत्र, म्हणजे लिथोग्राफी, इंग्लंडमध्ये रुजवण्यात त्याचा मोठा वाटा. या तंत्राचा जनक आलोइस झेनेफेल्डर. त्याच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर ॲकरमनने १८१९ मध्ये छापलं. १८१३ च्या ऑक्टोबरमध्ये लाइपझिगला नेपोलियनविरुद्ध मोठी लढाई झाली आणि सॅक्सनी, म्हणजे त्याचं माहेरच म्हणा ना, उद्ध्वस्त झालं. तेव्हा लंडनमध्ये बसून त्याने तिथल्या लोकांसाठी मोठा मदतनिधी उभा केला.

असा हा माणूस. दुसऱ्याची चांगली गोष्ट दिसली की ती उचलायची, नीट मांडायची आणि लोकांपर्यंत न्यायची. चाकांच्या गोष्टीतही त्याने हेच केलं.

वळताना नेमकं काय होतं?

आधी अडचण समजून घेऊ. साखर कारखान्याच्या हंगामात ट्रॅक्टरमागे जाणारी चारचाकी ट्रॉली आठवा. वळताना तिचा पुढचा अख्खा आस ओढणीच्या दांड्यासोबत फिरतो. जुन्या बग्ग्यांचं असंच होतं. पुढचा आस मधल्या एका खिळ्याभोवती फिरायचा, दोन्ही चाकं सोबत घेऊन. त्यात दोन भानगडी. एक, फिरताना चाक गाडीच्या पोटाखाली जाणार, म्हणून पुढची चाकं लहान ठेवावी लागायची. मुंबईच्या व्हिक्टोरियाचे फोटो बघा, पुढची चाकं मागच्यांपेक्षा लहान दिसतील. दुसरी भानगड मोठी. वळणावर पुढचं एक चाक आत सरकल्यामुळे गाडीचा पाया अरुंद व्हायचा आणि गाडी कलंडायची.

मग आस जागच्या जागी ठेवून त्याच्या टोकांना फक्त चाकंच वळवली तर? तर दुसरा प्रश्न उभा राहतो. एनसीसीत असाल तर परेडमधलं वळण आठवा. आतल्या बाजूचा कॅडेट जवळजवळ जागेवरच फिरतो, बाहेरचा लांब टांगा टाकत मोठा गोल घेतो. गाडीच्या चाकांचंही तेच. आतल्या चाकाचा गोल लहान, म्हणून त्याने जास्त वळायला हवं. बाहेरच्याने कमी. दोन्ही सारखीच वळली तर त्यातलं एक घासत, फरपटत जाणार. चारही चाकांच्या आसांच्या रेषा लांबवल्या तर त्या एकाच बिंदूत मिळायला हव्यात, आणि तो बिंदू मागच्या आसाच्या रेषेवर हवा. मग कुठलंच चाक घासत नाही. तुमच्या वहीतलं समीकरण सांगतं ते एवढंच.

ही युक्ती पहिल्यांदा सुचली ती इंग्लंडमधल्या एका डॉक्टरला. इरॅस्मस डार्विन, म्हणजे उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विनचे आजोबा. पेशंट बघायला खेड्यापाड्यांतून बग्गीने हिंडताना १७५० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी ती स्वतःच्या बग्गीसाठी वापरली. पण पेटंट घेतलं नाही आणि गोष्ट तिथेच राहिली.

पुढे म्युनिकमध्ये गेऑर्ग लांकेन्स्पेर्गर नावाचा बग्गी बनवणारा कारागीर होता. १८१६-१७ च्या सुमारास त्याने स्वतंत्रपणे ही रचना शोधली. त्याचा लंडनमधला प्रतिनिधी म्हणून ॲकरमनने १८१८ मध्ये तिचं ब्रिटिश पेटंट घेतलं. तेव्हाच्या इंग्रजी कायद्यात परदेशातली युक्ती पहिल्यांदा देशात आणणाऱ्याला पेटंट मिळायचं. त्यामुळे कागदावर नाव आलं ॲकरमनचं. १८१९ मध्ये त्याने या फिरत्या आसांची माहिती देणारी पुस्तिकाही काढली. तिच्या नावातही ॲकरमनच.

नाव कुणाचं असायला हवं?

इथे तुम्हाला राग येऊ शकतो. ग्रुप प्रोजेक्टमध्ये काम एकाने करायचं आणि प्रेझेंटेशन दुसऱ्याने द्यायचं, असा अनुभव कॉलेजात कुणाला नसतो? लांकेन्स्पेर्गरचं नाव आज किती जणांना माहीत आहे? आपल्या पाठ्यपुस्तकात तर ते शोधूनही सापडत नाही. अन्याय आहेच, आणि तो झाकायचं काही कारण नाही. निदान तुम्ही तरी यापुढे आकृतीखाली हे नाव कंसात लिहून बघा. मार्क कापले जाणार नाहीत.

पण ॲकरमनची दुसरी बाजूही बघा. पेटंट घेऊन तो श्रीमंत झाला, असं काही घडलं नाही. लंडनच्या बग्गी बनवणाऱ्यांनी या रचनेला विरोध केला. घोड्याच्या चालीला जुना फिरता आस चालून जात होता, मग नवे सांधे, नव्या कड्या कशाला? एकेकाळी ज्या गल्लीत ॲकरमनने स्वतः दुकान मांडलं होतं, त्याच धंद्यातल्या लोकांनी त्याची गोष्ट घेतली नाही. त्याच्या हयातीत ही रचना काही चालली नाही.

त्याचं बाकीचं काम मात्र चालूच होतं. १८२२ च्या शेवटी त्याने 'फर्गेट मी नॉट' हा साहित्याचा वार्षिक अंक काढला. इंग्लंडमधला अशा प्रकारचा तो पहिला. आपल्या दिवाळी अंकाचा दूरचा भाऊ म्हणायला हरकत नाही. त्याच दशकात स्पेनच्या राजवटीतून सुटलेल्या लॅटिन अमेरिकेतल्या देशांसाठी तो लंडनमध्ये स्पॅनिश पुस्तकं छापू लागला. नव्याने स्वतंत्र झालेल्या लोकांना पाठ्यपुस्तकं लागणार, हे त्याने ओळखलं होतं. १८३० च्या सुमारास त्याला पक्षाघात झाला आणि त्यातून तो सावरला नाही. ३० मार्च १८३४ रोजी लंडनजवळच्या फिंचली इथे तो गेला. वय ६९.

त्यानंतर जवळजवळ ४० वर्षं त्याच्या पेटंटकडे कुणी फारसं बघितलं नाही. मग वेग वाढला. १८७३ मध्ये फ्रान्सच्या आमेदे बोलेने वाफेवर चालणाऱ्या आपल्या गाडीला ही रचना वापरली. शार्ल जाँतोने ती आणखी सुधारली. आणि कार्ल बेंझ? त्याची १८८६ ची प्रसिद्ध गाडी तीन चाकांची होती, कारण चार चाकं नीट वळवण्याचं कोडं त्याला तोवर सुटलं नव्हतं. चार चाकांसाठी त्याने स्टिअरिंगचं पेटंट घेतलं ते १८९३ मध्ये. घोड्याच्या वेगाला जी गोष्ट फाजील वाटली, ती इंजिनाच्या वेगाला जीवनमरणाची झाली.

आता तुमची उचललेली गाडी

आज रीलवर उंच उचललेल्या पिकअप, थार आणि जिम्नी दिसतात. जाडजूड टायर, पुढे विंच, वर कॅरिअर. बघायला भारी वाटतं यात वाद नाही, आणि दगडधोंड्यांतून जायचं तर गाडीचं पोट उंच असण्याचा उपयोगही होतो. पण लिफ्ट किट लावलेल्या दिवशी गाडीचे कोन बदलतात, आणि ते फोटोत दिसत नाहीत.

तीन कोन लक्षात ठेवा. पहिला टो. दोन्ही पायांची पावलं बघा. अंगठे आत वळले तर टो-इन, बदकासारखे बाहेर गेले तर टो-आउट. गाडीची चाकं वरून बघितली तर असंच. दुसरा कॅम्बर. समोरून बघितल्यावर चाकाचा माथा आत झुकलाय की बाहेर. तिसरा कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो ना, तसा चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा मागे असलेला कल. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं, त्यात या कलाचा मोठा हात असतो.

आता गाडी उचला. जिम्नीसारखी पुढे अखंड आस असलेली गाडी असेल, तर आसाला धरणारे दांडे खाली झुकतात, आस थोडा गोल फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. मग गाडी ८० च्या वेगाला भटकायला लागते, स्टिअरिंग धरून धरून हात दुखतात. आसाला आडवा धरणारा पॅनहार्ड रॉड आसालाच एका बाजूला ओढतो. स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा जास्त तिरपा होतो, म्हणून गाडी सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं दिसतं. हे दोन दांडे एकमेकांना समांतर राहिले नाहीत, तर खड्ड्यात चाक वर-खाली होताना गाडी आपणहून वळते. हायलक्ससारखी पुढची दोन चाकं स्वतंत्र झुलणारी पिकअप असेल, तर उंची वाढली की कॅम्बर, कॅस्टर आणि टो तिन्ही हलतात. टायर एका कडेने खाल्ले जातात.

मग जवळच्या दुकानात अलाइनमेंट करून घेतलं की झालं? इथेच घोटाळा होतो. मशिनमध्ये कंपनीच्या उंचीचे आकडे भरलेले असतात. बऱ्याच ठिकाणी फक्त टो जुळवतात, स्क्रीनवर तो हिरवा झाला की बिल हातात. कॅस्टर तसाच राहतो आणि गाडीही तशीच भटकत राहते. कारण उचललेल्या गाडीत कंपनीच्या बोल्टांनी कोन जेवढा हलवता येतो, तेवढा अनेकदा पुरत नाही. त्यासाठी लांबी कमी-जास्त करता येणारे दांडे, वेगळे अप्पर आर्म किंवा कॅस्टर दुरुस्त करणारे बुश लागतात. आणि तिथेही एक सुधारताना दुसरं बिघडू शकतं. अखंड आस फिरवून कॅस्टर वाढवला, की पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि गाडी थरथरू शकते.

म्हणून दुकानात गेल्यावर काय बघायचं, ते पाठ करून ठेवा. अलाइनमेंटच्या आधी बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बुश आणि बेअरिंग तपासून घ्या. त्यात ढिलाई असेल तर मशिनचे आकडे फुकट. चारही टायरमधली हवा नेमून दिलेल्या प्रेशरला असू दे. विंच, कॅरिअर, टूलबॉक्स रोज गाडीवर असतात, तर मोजतानाही असू देत. नवं सस्पेन्शन लावलं की रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पक्के करू नका, चाकांवर उभी असताना करा. स्प्रिंग थोडे बसू द्या, मग अलाइनमेंट. क्रमही ठरलेला असतो, आधी कॅस्टर आणि कॅम्बर, सगळ्यात शेवटी टो, कारण पहिले दोन हलले की टो हलतो. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा छापील कागद मागा. आणि मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारल्याशिवाय पैसे देऊ नका.

कायद्याचंही लक्षात असू द्या. कंपनीने नोंदवलेल्या तपशिलांपेक्षा गाडीत वेगळे बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने बंधनं घातली आहेत. किट विकत घेण्याआधी आरटीओत चौकशी केलेली बरी.

ॲकरमन अजून तिथेच आहे

अलाइनमेंटच्या दुकानात पुढची चाकं ज्या गोल चकत्यांवर उभी करतात, त्या कशासाठी असतात माहीत आहे? चाक डावी-उजवीकडे वळवून कोन मोजायला. एक चाक २० अंश वळलं तर दुसरं किती वळलं, हे त्यांच्यावर मोजता येतं. म्हणजे आतलं चाक बाहेरच्यापेक्षा योग्य तेवढं जास्त वळतंय की नाही. थोडक्यात, १८१८ चं पेटंट अजून शाबूत आहे का, याचीच ती तपासणी.

ऑफ-रोडवाल्यांसाठी ही तपासणी फार कामाची. समजा, नदीपात्रातल्या दगडावर चाक जोरात आपटलं आणि स्टिअरिंगचा आर्म किंचित वाकला. दुकानदाराने टो जुळवला, सरळ रस्त्यावर सगळं बरोबर. पण घाटातल्या प्रत्येक वळणावर टायर किंचाळतात आणि घासले जातात. सरळ जाताना बरोबर, वळताना चूक, असं दिसलं की वाकलेला आर्म शोधायचा. तो सरळ करत बसायचं नाही, बदलायचा. स्टिअरिंगच्या भागाला ठोकून-वेल्डिंग करून चालवणं म्हणजे स्वतःच्या आणि समोरून येणाऱ्याच्या जिवाशी खेळ.

बघा ना, ॲकरमन आयुष्यभर दिसण्याच्या धंद्यात होता. देखण्या बग्ग्या, रंगीत चित्रं, फॅशन, कापडाचे नमुने. लोक त्याच्या दुकानात डोळ्यांचं पारणं फेडायला यायचे. त्याच्या मासिकाचे अंक आज जुन्या वस्तूंचे शौकीन आणि संग्रहालयं जपून ठेवतात. पण त्याचं नाव रोज तोंडी येतं ते गाडीच्या पोटाखालच्या एका कोनामुळे, जो रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसत नाही. दिसणाऱ्या गोष्टींवर कमावलेल्या माणसाने न दिसणाऱ्या गोष्टीवर पैसे लावले, तेही दुसऱ्याच्या डोक्यातून आलेल्या. त्या गोष्टीची किंमत कळायला जगाला ४० वर्षं जास्त लागली.

तेव्हा गाडी उचलायची असेल, तर बजेट करताना टायर आणि किटच्या खाली आणखी एक ओळ लिहा, कोन जुळवण्याची. मित्राने उचलली असेल आणि तो तुम्हाला ट्रिपला बोलवत असेल, तर फोटो काढण्याआधी त्याच्याकडे अलाइनमेंटचा कागद मागा. कागदावर कॅस्टरचा आकडा आहे का बघा. नसेल, तर त्या ट्रिपला एसटीने जा.